घरचे कॅमेरे बाहेरून मोबाईलवर बघायचे असतील तर आधी अकाउंट आपल्या नावावर करा

कॅमेरे बसले, टीव्हीवर चित्र येतंय, घरच्या वायफायवर मोबाईलमधेही दिसतंय, आणि घराबाहेर पडलं की ‘डिव्हाइस ऑफलाइन’. बहुतेकांची गाडी इथेच अडते. सेटिंग तसं अवघड नाही, नीट केलं तर अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यात एक गोष्ट अशी आहे जी जवळजवळ सगळेच दुसऱ्यावर सोडतात आणि नंतर पस्तावतात, म्हणून तिथूनच सुरू करतो.

कॅमेरे बसवायला आलेला माणूस घाईत असतो, तो स्वतःच्या ईमेलवर नाहीतर स्वतःच्या नंबरवर अकाउंट उघडतो, डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं मशीन, त्यात जोडतो आणि तुम्हाला फक्त ‘शेअर’ करून देतो. तुम्हाला चित्र दिसतं म्हणून तुम्ही खूश, पण मालक तो झाला. उद्या त्याने शेअर काढलं तर तुमचं बंद, आणि तोपर्यंत तुमचं घर त्यालाही दिसत राहणार. माणूस कितीही चांगला असू दे, हे असं ठेवायचंच नाही. तो घरात असतानाच आपल्या फोनवर, आपल्या ईमेलने अकाउंट उघडा, पासवर्ड आपण टाका, ओटीपी आपल्याच फोनवर आला पाहिजे. बऱ्याच कंपन्यांमधे एक डिव्हाइस एका वेळी एकाच अकाउंटला जोडता येतं, त्यामुळे ‘हे डिव्हाइस आधीच दुसऱ्या अकाउंटवर आहे’ असा मेसेज आला तर समजून जा, आधी त्या माणसाला त्याच्या अ‍ॅपमधून ते डिलीट करायला लावा. जुना सेट विकत घेतला असेल तरी हेच.

आता हे चालतं कसं ते थोडक्यात, म्हणजे पुढे काही अडलं तर कुठे बघायचं ते कळेल. डीव्हीआर, एनव्हीआर (नेटवर्कवरच्या कॅमेऱ्यांसाठीचं तसंच मशीन) किंवा वायफाय कॅमेरा इंटरनेटवरून स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला कळवत राहतो की मी चालू आहे. तुमचं अ‍ॅप त्याच सर्व्हरला विचारतं की माझा डीव्हीआर कुठाय, आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. जमलं तर व्हिडिओ थेट तुमच्या फोनवर येतो, नाही जमलं तर सर्व्हरमधून फिरून येतो आणि मग जरा अडखळत चालतो. यालाच पीटूपी म्हणतात. स्टॅटिक आयपी, म्हणजे नेटवरचा कायमचा ठरलेला पत्ता, लागत नाही, राउटरमधे काही उघडावं लागत नाही.

पूर्वी पोर्ट फॉरवर्डिंग करायचे, म्हणजे राउटरमधे एक दार उघडून ठेवायचं, आणि अजूनही काही जण तेच करून देतात. माझं स्पष्ट मत, नको. एकतर बऱ्याच इंटरनेट कंपन्या एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांना वाटून देतात, त्याला सीजीनॅट म्हणतात, तिथे पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही. आणि चाललं तरी ते दार सगळ्या जगाला दिसतं. 2016 मधे मिराई नावाच्या मालवेअरने नेटवर उघडे असलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर फक्त कंपनीचेच डिफॉल्ट पासवर्ड टाकून टाकून ताब्यात घेतले, आणि त्या ऑक्टोबरमधे त्यांच्याच जोरावर डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर, हल्ला झाला, ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येकांना काही तास उघडत नव्हत्या. त्यामुळे डीव्हीआरचा अ‍ॅडमिन पासवर्ड आधी बदला, राउटरमधलं यूपीएनपी (न विचारता आपोआप अशी दारं उघडणारी सोय) बंद करा, आणि मगच पुढे जा.

डीव्हीआर किंवा एनव्हीआर असेल तर लॅन केबलने राउटरला जोडा. मेनूमधे नेटवर्कमधे जाऊन डीएचसीपी चालू करा, म्हणजे आयपी आणि गेटवे आपोआप भरला जातो. डीएनएस रिकामा राहिला असेल तर 8.8.8.8 टाका. ‘ऑफलाइन’ दिसण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे आणि ते कोणी बघतच नाही. मग हिकव्हिजनमधे ‘प्लॅटफॉर्म अ‍ॅक्सेस’, दहुआमधे ‘पीटूपी’, बाकीच्यांत ‘क्लाउड’ किंवा असंच काहीतरी नाव असतं, ते चालू करा. व्हेरिफिकेशन कोड मागितला तर स्वतःचा ठेवा आणि लिहून ठेवा, कारण एन्क्रिप्शन चालू असेल तर बाहेरून बघताना अ‍ॅप तोच कोड मागतं. थोडं थांबा, स्टेटस ‘ऑनलाइन’ झालं की अर्धं काम झालं. मग फोनवर कंपनीचं अ‍ॅप घ्या, हिकव्हिजनचं हिक-कनेक्ट, दहुआचं डीएमएसएस, आणि स्क्रीनवरचा किंवा डब्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करा. त्या कोडचा फोटो कोणाला पाठवत बसू नका, त्यात सिरियल नंबर असतो.

नुसता वायफाय कॅमेरा असेल तर आणखी सोपं, फक्त बरेच कॅमेरे वायफायच्या 2.4 गीगाहर्ट्झ बँडवरच चालतात, फोन 5 गीगाहर्ट्झवर असला की जोडणी होत नाही आणि लोक कॅमेरा खराब म्हणून परत करायला निघतात.

आता खरी टेस्ट. घरात बसूनच फोनचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटा चालू करा, आणि बघा. वायफायवर दिसणं ही टेस्टच नाही, तिथे अ‍ॅप आतल्या आत जोडलं जाऊ शकतं.

चित्र अडकत असेल तर तुमचा डाउनलोड नाही, घरचा अपलोड स्पीड तपासा, कारण व्हिडिओ घरातून बाहेर जातोय. 1080पी चा एक कॅमेरा एच.265 या व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीवर साधारण 2 एमबीपीएस खातो, जुन्या एच.264 वर त्याच्या दुपटीच्या आसपास, म्हणजे चार कॅमेरे मेनस्ट्रीमवर, म्हणजे पूर्ण एचडी चित्रावर, एकदम उघडले तर 8 ते 16 एमबीपीएस अपलोड हवा. म्हणून रोजच्या बघण्यासाठी सबस्ट्रीम, म्हणजे कमी दर्जाचं हलकं चित्र, ठेवा, तिला अर्धा एमबीपीएससुद्धा पुरतो, आणि चेहरा किंवा नंबरप्लेट बघायची असेल तेव्हाच एचडी करा.

अजून एक गोंधळ असतो. क्लाउडवरून बघणं वेगळं आणि क्लाउडवर साठवणं वेगळं. बघायला साधारणपणे पैसे पडत नाहीत, रेकॉर्डिंग तुमच्या हार्डडिस्कवर नाहीतर मेमरी कार्डवरच राहतं, आणि चोराने डीव्हीआरच उचलून नेला तर तेही गेलं. क्लाउड स्टोरेज घ्यायचं तर फक्त हालचाल झाल्यावरचं घ्या, कारण 2 एमबीपीएसचा एक कॅमेरा चोवीस तास चालला तर दिवसाला 21 जीबीच्या वर जातो. मला विचाराल तर दाराच्या एका कॅमेऱ्यापुरतं घेतलं तरी पुरे.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन असेल तर चालू कराच. घरच्यांना पासवर्ड न देता अ‍ॅपमधून शेअर करा, त्यात फक्त लाइव्ह बघू द्यायचं की जुनं रेकॉर्डिंगही, हे बऱ्याच अ‍ॅपमधे ठरवता येतं. आणि बेडरूममधे क्लाउडला जोडलेला कॅमेरा लावू नका. फेब्रुवारी 2024 मधे वायझ कंपनीची सेवा बंद पडून परत सुरू होताना सुमारे 13,000 जणांना दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांचे फोटो दिसले होते, त्यात ज्यांचे कॅमेरे होते त्या लोकांची काहीच चूक नव्हती.

वीज गेली तर डीव्हीआर यूपीएसवर आणि राउटर मात्र बंद, असं बऱ्याच घरात असतं, दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या. फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट अ‍ॅपमधे आलं की करून टाका. आणि फोन विकताना अ‍ॅपमधून लॉगआउट करून मग नव्या फोनवरून ‘लॉगइन डिव्हाइस’ची यादी उघडून बघा, जुना फोन त्यात अजून दिसत असेल तर काढून टाका.