इंग्रजी वाक्यात ‘अ‍ॅड्रेनलिन’ कसं वापरायचं

जागलीला गेल्यावर तुरीतून रानडुक्कर एकदम समोर आलं की छाती धडधडते, तळहात घामेजतात. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून रक्तात उतरणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनचं हे काम. उच्चारात जोर ‘ड्रे’वर द्या.

हे नाम पाण्यासारखं, मोजता न येणारं. म्हणून एकट्या शब्दाआधी ‘अ‍ॅन’ लावू नका, अनेकवचनही करू नका. ‘अ‍ॅन अ‍ॅड्रेनलिन रश’ मात्र बरोबर, कारण तो ‘अ‍ॅन’ ‘रश’साठी आहे. पोरांची सगळ्यात जास्त गफलत इथंच होते.

सोबतची क्रियापदं पाठच करा: सुरू होताना ‘किक्ड इन’, भरात असताना ‘वॉज पम्पिंग’, ओसरल्यावर ‘वोअर ऑफ’. शंकरपटाबद्दल सांगायचं तर, ‘माय अ‍ॅड्रेनलिन वॉज पम्पिंग व्हेन अवर बुलॉक्स टूक ऑफ.’ गाडीवरून पडल्यावर, ‘आय फेल्ट द पेन ओन्ली आफ्टर द अ‍ॅड्रेनलिन वोअर ऑफ.’

‘आय अ‍ॅम अ‍ॅड्रेनलिन’ साफ चूक. ‘आय फेल्ट अ रश ऑफ अ‍ॅड्रेनलिन’ म्हणा. आणि हा शब्द अचानक आलेल्या थराराचा आहे. कापसाच्या भावाची महिनाभर लागलेली काळजी सांगायला ‘वरीड’च वापरा.