सिक्स्थ फॉर्म निवडताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या आपल्या घरांत मूल इयर इलेव्हनला, म्हणजे दहावीसारख्या जीसीएसई परीक्षेच्या वर्षाला, गेलं की प्रश्न ठरलेला: "सायन्स घेणार ना?" आपल्या डोक्यात अजून अकरावी सायन्सच असते. इथे सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे जीसीएसईनंतरच्या दोन वर्षांना, तशी शाखा नाही. बहुतेक मुलं तीन ए-लेव्हल विषय घेतात, आणि पुढचं सगळं त्या तिघांवर. तरी आपण आधी कॉलेजचं नाव बघतो.

सगळ्यात महागात पडते ती विषयांची चूक. कॉम्प्युटर सायन्सची डिग्री करायची म्हणून तोच विषय घेतात आणि मॅथ्स सोडतात. नावाजलेल्या युनिव्हर्सिट्या बहुतेक वेळा मागतात मॅथ्स. इकॉनॉमिक्सचंही तेच, एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) आणि केंब्रिजला मॅथ्स लागतंच. मेडिसिनला केमिस्ट्री बहुतेक ठिकाणी हवी, सोबत बऱ्याचदा बायॉलॉजी; फिजिक्सवाचून सहसा अडत नाही. पण भारतात जाऊन 'नीट' ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा द्यायचा विचार असेल तर फिजिक्सही हवं, आणि ते कळेपर्यंत विषय सोडून वर्ष झालेलं असतं. म्हणून उलटीकडून या. आवडत्या तीन-चार डिग्र्यांच्या प्रवेशाच्या अटी वाचा, सक्तीचे विषय लिहून काढा, मग फॉर्म भरा.

आमची फजिती वेगळीच झाली. लेकीला केमिस्ट्री, मॅथ्स आणि फ्रेंच हवं होतं. ओपन ईव्हनिंगला आम्ही लॅब बघितल्या, लायब्ररी बघितली, ब्लॉकचा कागद, म्हणजे कोणते विषय एकाच वेळी येतात तो तक्ता, मात्र मागितला नाही. केमिस्ट्री आणि फ्रेंच एकाच ब्लॉकमध्ये निघाले, म्हणजे एकाच तासाला. फ्रेंच गेलं. तो कागद पहिल्याच भेटीत मागा.

कॉलेजची अट आणि विषयाची अट वेगळी असते, हेही विसरू नका. कॉलेजला जीसीएसईत पाच हा ग्रेड चालेल (नऊ सगळ्यात वरचा), पण मॅथ्सला बऱ्याच ठिकाणी सात लागतो, फर्दर मॅथ्स या वरच्या मॅथ्सच्या वेगळ्या विषयाला त्याहून वर. एकाच कॉलेजवर भिस्त ठेवू नका. दोन-तीन ठिकाणच्या ऑफर हातात ठेवता येतात.

आणि ऑगस्टमध्ये जीसीएसईच्या निकालात एखादा ग्रेड कमी पडलाच तर? ईमेल करून वाट बघत बसू नका. निकालाचा कागद घेऊन त्याच सकाळी कॉलेजात जा, मुलालाच बोलू द्या. जागा रिकामी असेल तर कधीकधी घेतात. नाहीतर बीटेक (BTEC; आपली इंजिनिअरिंगची डिग्री नव्हे) किंवा टी-लेव्हल या व्यवसायाकडे झुकणाऱ्या कोर्सेसची चौकशी तिथेच करा. विषय चुकला असं सप्टेंबरात वाटलं तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सांगा. हाफ-टर्मनंतर, म्हणजे ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर, बदल मिळणं कठीण.