स्टेल्थ प्लॅटफॉर्मर अडखळतोय? ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी या चुका टाळा

‘मार्क ऑफ द निंजा’सारख्या, लपतछपत उड्या मारत खेळायच्या टूडी गेमला (स्टेल्थ प्लॅटफॉर्मरला) भारी ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मूळ गेम २०१२ चा, रीमास्टर्ड २०१८ चा. तरीही पहारेकऱ्याची पाठ फिरताच मारलेली उडी उशिरा बसते आणि सापडायला होतं. अशा वेळी दोष बहुतेकदा दुसरीकडेच असतो.

सगळ्यात जास्त फसगत मॉनिटरमध्ये होते. व्हीए या प्रकारच्या पॅनलचा (पडद्याचा) काळा रंग गडद दिसतो म्हणून लोक अंधाऱ्या गेमसाठी तोच घेतात. पण स्वस्त व्हीएमध्ये काळ्यातून करड्यात जायला पिक्सेलला वेळ लागतो. स्क्रीन सरकली की सावल्यांना काळी शेपूट फुटते आणि तुम्हाला लपायचं असतं नेमकं तिथेच. आमच्या मते इथे आयपीएस हा दुसरा पॅनल प्रकार बरा. व्हीए आधीच घेतला असेल, तर मॉनिटरच्या मेनूतलं ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला लवकर बदलायला लावणारी सेटिंग) मधल्या पायरीवर ठेवा. सर्वांत वरच्या पायरीवर कडांना उलट्या पांढुरक्या रेषा येतात.

१४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर घेऊन तो ६० वरच चालवणारे तर कितीतरी. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन आकडा बदला. ६० ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ ला ६.९. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डलाच लावा.

इनबिल्ट ग्राफिक्सवर खेळत असाल तर १६ जीबीची एकच रॅम स्टिक घेऊ नका. हे ग्राफिक्स रॅमच वापरतात आणि एका चॅनलवर (रॅमकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर) त्यांचा श्वास कोंडतो. ८ जीबीच्या दोन घ्या. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात बसवा (मॅन्युअल बघाच) आणि बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) रॅमच्या वेगाची एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सेटिंग चालू करा. ते बंद असेल तर रॅम कमी वेगाने चालते.

६० हर्ट्झवर व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या फेरीशी जुळवणारी सेटिंग) चालू असताना एखादी फ्रेम १७ मिलिसेकंदांत तयार झाली, तरी ती पुढच्या फेरीपर्यंत थांबते. म्हणजे ३३.३ मिलिसेकंद, आणि तोच झटका जाणवतो. फ्रीसिंक (फ्रेम तयार होईल तशी मॉनिटरची फेरी जुळवणारी सोय) असेल तर ते चालू करून १४४ च्या मॉनिटरवर फ्रेमची मर्यादा सेकंदाला १४० ला बांधा.

पावलांचा आवाज ऐकून खेळायचं असेल तर ब्लूटूथ हेडफोन नको, वायरचाच हवा. ब्लूटूथवर आवाज मागे पडतो.

वाकून, सरकत उडी मारताना एखादं बटण लागतच नसेल, तर कीबोर्ड तपासा. साध्या मेम्ब्रेन कीबोर्डवर काही तीन बटणं एकत्र दाबली की तिसरं नोंदलंच जात नाही. उडीचं बटण बदलून पाहा.