वर्गावर जाणाऱ्या ग्रंथपालांनो, या चुका टाळा

दरवर्षी जुलै उजाडला, कॉलेजातल्या नव्या मुलांना ग्रंथालय कसं वापरायचं हे शिकवायचे तास जवळ आले, की दोन-तीन नव्या ग्रंथपालांचे फोन येतात. "मॅडम, लायब्ररी ओरिएंटेशनची तुमची पीपीटी द्या की." मी देत नाही. राग येतो कुणाकुणाला, पण चौदा वर्षं वर्गावर गेल्यावर माझं मत पक्कं झालंय: उसनी पीपीटी घेऊन उभा राहिलेला ग्रंथपाल मुलांकडे बघत नाही, पडद्याकडे बघतो.

यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. एम.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात, आपण वर्गीकरण शिकलो, तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी करणं) शिकलो, पण साठ मुलांसमोर उभं कसं राहायचं हे फारसं कुणी शिकवलं नाही. "शिकवणं आपलं काम नाही" म्हणणारेही आपल्यातच आहेत. त्यांना एवढंच सांगते, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि त्याआधी ते कॉलेजात गणित शिकवत होते.

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे प्रमाणपत्राला प्रशिक्षण समजणं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये वेबिनारचा सुकाळ झाला. तासभर ऐकायचं, गूगल फॉर्म भरायचा, संध्याकाळी ई-प्रमाणपत्र मेलवर. फायली फुगल्या. पदोन्नतीसाठी ओरिएंटेशन, रिफ्रेशर असे कोर्स लागतात, ते जरूर करा. तिथे चांगली माणसं भेटतात. पण त्या सगळ्या दिवसांत तुमचा तास कुणी मागे बसून पाहिला का? माझा पहिली सात वर्षं कुणीच पाहिला नव्हता.

मग इचलकरंजीच्या एका कॉलेजातली मैत्रीण, तीही ग्रंथपाल, एका शनिवारी एसटीनं आली आणि शेवटच्या बाकावर वही घेऊन बसली. तासानंतर चहा घेताना म्हणाली, "तू अकरा प्रश्न विचारलेस आणि अकराही उत्तरं तूच दिलीस. पोरांना तोंड उघडायला दोन सेकंदसुद्धा मिळाली नाहीत." मला ते खरंच वाटेना. पुढच्या तासाला फोनवर आवाज रेकॉर्ड केला आणि रात्री घरी ऐकला. ती बरोबर होती. तेव्हापासून प्रश्न विचारला की मी मनात दहा आकडे मोजते. सहा-सातपर्यंत वर्ग गप्प असतो, आणि मग मागून कुणीतरी बोलतं. आम्ही दोघी आजही वर्षातून दोनदा एकमेकींच्या तासाला जातो. त्याचं प्रमाणपत्र कुणी देत नाही. मी आजवर केलेल्या कुठल्याही कोर्सपेक्षा त्या शनिवारनं मला जास्त शिकवलं.

दुसरी चूक मी स्वतः वर्षानुवर्षं केली: तालीम केलेला शोध वर्गात दाखवणं. ओपॅक, म्हणजे ग्रंथालयाची संगणकावरची पुस्तकसूची, उघडायचा, हमखास पुस्तकं सापडतील असा इंग्रजी शब्द टाकायचा, चाळीस नोंदी आल्या की म्हणायचं, "बघा, किती सोपं आहे." मग एन-लिस्ट (कॉलेजांना मिळणारी ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं), मग शोधगंगा (भारतातल्या पीएच.डी. प्रबंधांचं ऑनलाइन भांडार), आणि घंटा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. त्यानंतर भूगोलाची एक विद्यार्थिनी काउंटरवर आली. गाव पंचगंगेकाठचं, घरात पाणी शिरून गेलेलं. तिला पूर आणि गावांचं स्थलांतर यावर प्रकल्प करायचा होता. आदल्या वर्षी ती माझ्या तासाला बसली होती. तिनं ओपॅकमध्ये देवनागरीत 'महापूर' टाकलं होतं. उत्तर: शून्य. तिनं समजूत करून घेतली की ग्रंथालयात काहीच नाही, आणि इंटरनेटवरच्या कुठल्याशा पानावरून आठ पानं उतरवून काढली. मार्गदर्शकांनी ती परत केली होती.

मी तिला कपाटाशी नेलं. पुस्तकं होती. आमच्या मराठी शीर्षकांच्या नोंदी काही रोमन लिपीत केलेल्या, त्यातही एकाच शब्दाची दोन स्पेलिंगं. काही जुन्या, युनिकोड येण्याआधीच्या फाँटमध्ये. देवनागरीत शोधणाऱ्याला त्यातलं एकही पुस्तक दिसणं शक्य नव्हतं. एवढ्या वर्षांत मी वर्गासमोर एकही मराठी शब्द टाइप केला नव्हता, म्हणून मलाही ते कळलं नव्हतं. ती मुलगी "काय नाही मॅडम, माझंच चुकलं असंल" म्हणाली, ते अजून मनातून जात नाही.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नोंदी दुरुस्त करायला घेतल्या. आणि तास बदलला. आता मी सुरुवातच फसणाऱ्या शोधानं करते. शोधगंगेवर 'पंचगंगा' आधी देवनागरीत, मग रोमनमध्ये एका स्पेलिंगनं, मग मधे एक 'ए' वाढवून. निकालांची संख्या दर वेळी फळ्यावर लिहायची आणि आकडे वेगळे का आले, ते मुलांनी सांगायचं. पन्नास मिनिटांत एवढा एकच प्रश्न होतो. घाईतल्या नव्या सहकाऱ्यांना हे फार थोडं वाटतं, त्यांना एका तासात सहा डेटाबेस उरकायचे असतात. उरकतात ते, मुलांच्या हाती मात्र पासवर्डची चिठ्ठी तेवढी उरते.

प्रश्न कुठला घ्यायचा, हे मी विषयाच्या प्राध्यापकांना विचारते. अमेरिकेतल्या एसीआरएल या ग्रंथपालांच्या संघटनेनं २०१७ मध्ये शिकवणाऱ्या ग्रंथपालाच्या सात भूमिका मांडल्या, त्यात 'अध्यापनातला भागीदार' ही एक आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ सरळ आहे: जूनमध्येच स्टाफरूममध्ये जाऊन बसा, प्रकल्पांचे विषय विचारा आणि मुलं विषय निवडतात त्याच आठवड्यात तास मागा. जुलैत दिलेली माहिती डिसेंबरात कुणाच्या लक्षात राहत नाही.

बाकीचं थोडक्यात. सभागृहात दोनशे मुलं कोंबू नका. दंडाचे नियम वाचून दाखवू नका, ते भिंतीवर लावा. एन-लिस्टचे लॉगिन तासाच्या आदल्या दिवशी तपासा. एआयनं दिलेली संदर्भयादी तपासल्याशिवाय स्वतः वापरू नका, मुलांनाही वापरू देऊ नका. त्यात अस्तित्वातच नसलेले लेख निघतात. आणि डेटाबेसच्या नादात गाव विसरू नका: १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर याच शहरात, कोल्हापुरात आहे, आणि आपल्या मुलांपैकी कितीतरी जणांनी त्याची पायरी चढलेली नसते.

शेवटची पाच मिनिटं मी राखून ठेवते. कोऱ्या चिठ्ठ्या वाटते, नाव लिहायचं नाही, 'काय कळलं नाही' एवढंच लिहायचं. चिठ्ठ्या घरी नेऊन वहीत चिकटवते, पुढच्या तासाची तयारी त्या वहीवरूनच होते.

पीपीटी मागणाऱ्यांना मी हेच सांगते: फाइल मिळणार नाही, पण माझ्या तासाला या. मागचा बाक रिकामाच असतो. नंतर मीही तुमच्याकडे येईन, गडहिंग्लजला असा नाहीतर मलकापूरला.