आजोबांच्या फियाटला व्हिंटेज नंबर घेताना

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली फियाट ११०० अजून घरी उभी असेल, तर रंगकामाचा विचार करण्याआधी तिचं आरसी बुक शोधा. गाडी व्हिंटेज ठरते ती पहिल्या नोंदणीच्या तारखेवरून. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार त्या तारखेला ५० वर्षं उलटलेली हवीत आणि गाडी खासगी वापराची हवी. दुचाकीलाही हेच लागू आहे, म्हणजे जुनी लँब्रेटासुद्धा यात बसते.

खरी कसोटी पुढे आहे. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. पेट्रोल परवडेना म्हणून एके काळी कितीतरी फियाट-अँबॅसिडरना डिझेल इंजिन बसवलं गेलं. तुमच्या गाडीचं तसं झालं असेल तर अर्ज तिथेच अडकू शकतो. म्हणून चासी आणि इंजिन नंबर आधी आरसीशी ताडून पाहा. नंबरावर गंज असेल तर रॉकेलच्या बोळ्याने हळूहळू पुसा. ग्राइंडर लावू देऊ नका, आकडे गेले की गाडीची ओळखच गेली!

मग परिवहन पोर्टलवर फॉर्म २० भरा. सोबत विमा आणि जुनी आरसी जोडा. परदेशातून आणलेल्या गाडीला बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडचा आयातीचा कागद, लागते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,०००. राज्याची समिती गाडी तपासते. सगळं नीट असेल तर ६० दिवसांत फॉर्म २३ए मधलं प्रमाणपत्र मिळायला हवं. ते १० वर्षं चालतं.

नव्याने नोंदवलेल्या गाडीला ‘एमएच व्हीए’, पुढे दोन अक्षरं आणि चार आकडे असा नंबर मिळतो. पण गाडी आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर ठेवता येतो, आणि माझं आग्रहाचं सांगणं आहे की तो ठेवाच. एमएच येण्याआधीची ती पाटी हासुद्धा गाडीचा मूळ भागच आहे.

एक मात्र घरच्यांशी आधी बोलून घ्या. या नोंदणीनंतर गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. दर रविवारी तिच्यातून भाजी आणत असाल, तर साधी नोंदणीच चालू ठेवा. विकायची मुभा आहे, फक्त परिवहन विभागाला कळवावं लागतं.