पोटठेकेदारांनो, बिल अडकवणाऱ्या या चुका टाळा

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत बांधकामे जोरात आहेत, त्यात २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांची भर. सेंट्रिंग, प्लास्टर, टाइल्सची कामे मात्र अजूनही तोंडी रेटवर उचलली जातात. रेटवरून फारसे वाद होत नाहीत, खरे वाद पेटतात ते मोजमापावरून.

झाकले जाणारे काम न मोजणे. फुटिंगचे (पायाचे) स्टील, भिंतीतले पाइप, वॉटरप्रूफिंगचे थर एकदा झाकले गेले की पुरावा संपला. काँक्रीट पडण्याआधी सळ्यांचा व्यास, संख्या, लांबी आणि ड्रॉइंग नंबर लिहा. त्याखाली साइट इंजिनिअरची तारखेसह सही घ्या. शेजारी टेप धरून फोटो काढा. सही टाळली तर मोजमाप त्याच दिवशी ईमेल करा.

जादा काम ‘नंतर बघू’ म्हणून करणे. बांधलेली भिंत पाडून पुन्हा बांधायला सांगितली, तर वीट लावण्याआधी मेसेज टाका: कोणी सांगितले, किती चौरस फूट, काय रेट. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० नुसार, फुकट करायचा हेतू नसलेल्या कामाचा मोबदला मागता येतो. पण समोरच्याने त्याचा लाभ घेतला हे दाखवावे लागते. व्हॉट्सअ‍ॅप पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे मूळ फोन फॉरमॅट करू नका.

‘मालकाचे आले की देतो’ हे कलम मान्य करणे. तुमचा करार मुख्य ठेकेदाराशी आहे, त्यामुळे मालकावर थेट दावा सहसा टिकत नाही. वर्क ऑर्डरमध्ये ‘मालकाचे पैसे आले नाहीत तरी बिलापासून ३० दिवसांत’ असे लिहून घ्या. रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली रक्कम, परत मिळण्याची तारीखही टाका. ती नसेल तर ही रक्कम वर्षानुवर्षे लोंबकळते.

उद्यम नोंदणीवर (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) विसंबणे. एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांची मर्यादा आणि चक्रवाढ व्याज आहे, हे खरे. पण वर्क्स कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे मटेरियल आणि मजुरी एकत्र असलेल्या ठेक्याला, तो लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. मटेरियलसह काम घेत असाल तर आधी वकिलाला विचारा.

मुदत फोनवर घालवणे. बिलाच्या दाव्याला साधारण ३ वर्षे मिळतात. ‘पुढच्या महिन्यात देतो’ अशा फोनने मुदत वाढत नाही. ती संपण्याआधी बाकीची सहीनिशी लेखी कबुली मिळाली, तर नव्याने मोजली जाते. ३ लाख वा त्याहून मोठ्या दाव्यात, तातडीचा अंतरिम आदेश नको असेल तर, कोर्टात जाण्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा.

चेक परत आला तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवा. नोटीस पोहोचल्यावर पैसे भरायला १५ दिवस असतात आणि ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. नोटिशीची पोचपावती आणि बँकेचा रिटर्न मेमो एकाच फाइलला लावा.