कुलाबा किल्ल्यात जाण्याआधी तिथी पाहा

अलिबागला जाणाऱ्यांनी दिवसाचा बेत समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याभोवती आखावा; तिथे ओहोटीलाच पायी जाता येते, त्यामुळे आधी पंचांग उघडावे. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते आणि पूर्ण ओहोटी तिच्या सुमारे सहा तास आधी किंवा नंतर असते. म्हणजे चतुर्थीला भरती तीनच्या, तर ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास येते. त्याआधी तासभर निघाल्यास चालत जाऊन निवांत परतता येते, पण पाणी चढू लागल्यावर पायी येण्याचे धाडस कुणीही करू नये. स्थानिक कोळ्यांना वेळ विचारून घेणे केव्हाही चांगले.

किल्ल्याचा तट हात लावून पाहावा. त्याचे प्रचंड दगड चुन्याविना नुसते एकमेकांवर रचलेले असल्याने लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. चाकांच्या गाड्यांवरील दोन तोफांवर १८४९ हे साल वाचता येते. आत राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे आणि भोवती खारा समुद्र असूनही गोड्या पाण्याची विहीर आहे. परतल्यावर गावातील कान्होजी आंग्रे यांच्या समाधीचे दर्शन अवश्य घ्यावे.